भीतीपोटी केलेल्या सेवेला विश्वासू सेवा म्हणावे का?

प्रश्न : सुदामानगर, इंदूर

सर्वांस प्रभूच्या नावात सलाम.

आमचे घराणे मूळचे अहमदनगरकडचे. आजोबा रेल्वेच्या नोकरीमुळे माळव्यात आले आणि आम्ही इंदूरचेच होऊन गेलो. मंडळीची उपासना हिंदीत होते, तरी घरातले शास्त्रवाचन आणि प्रार्थना मराठीतच चालत आली आहे, म्हणून मनातले इथे मराठीत मांडते. बरीच वर्षे मी रविवारच्या शाळेत लहान मुलांचा वर्ग घेत होते आणि महिला मंडळाबरोबर एम. वाय. रुग्णालयात आजाऱ्यांच्या भेटीस जात होते. गेल्या वर्षी आईला पक्षाघाताचा झटका आला. तिला दर दोन तासांनी कुशीवर वळवावे लागते, घास भरवताना ठसका लागू नये म्हणून पाठीशी उशा लावून बसवावे लागते, आणि रात्री सलग झोप अशी मिळत नाही. त्यामुळे वर्ग आणि भेटी दोन्ही सुटल्या.

अशातच एका घरगुती प्रार्थनासभेत एका ज्येष्ठ भगिनींनी चारचौघांत सांगितले की, मी सेवा सोडली म्हणून देवाने आमच्या घरावरचा हात काढून घेतला आहे, आणि मी पुन्हा सेवेत रुजू झाल्याशिवाय आईला आराम पडणार नाही. आजार आधी आला आणि सेवा नंतर सुटली, हा साधा क्रम त्यांच्या लक्षात आला नसावा. त्यांचा हेतू वाईट होता असे मी म्हणत नाही. तरी ते वाक्य मनातून जात नाही, कारण त्याला बसायला माझ्या मनात आधीपासूनच जागा तयार होती.

माझी खरी अडचण इथेच आहे. देवाचे गुण मला पाठ आहेत. मुलांकडून ते मीच पाठ करून घेतले आहेत. देव पवित्र आहे, न्यायी आहे, सर्वज्ञ आहे, देव प्रीती आहे, हे सर्व मी मनापासून मानते. परंतु रात्री प्रार्थनेला डोळे मिटले की समोर येतो तो हजेरीपट घेऊन बसलेला मुकादम. आजवरची माझी सेवा बरीचशी त्याच्याच धाकाने झाली असेल, तर ती देवाच्या दृष्टीने कशात जमा होते? आणि धाक निघून गेला तर मी सेवा करीन तरी का, ही शंका मला अधिक घाबरवते. ज्यांनी या गोष्टीचा विचार केला आहे त्यांनी कृपया शास्त्राच्या आधारे लिहावे. केवळ धीर देणारे शब्द नकोत, ते मला पुष्कळ मिळाले आहेत.

उत्तर : जुना रतलामकर

ताई, त्या भगिनींचे विधान आधी बाजूला ठेवतो, कारण शास्त्राने ते फार पूर्वीच निकालात काढले आहे. ईयोबाचे मित्र नेमके हेच बोलत होते: दुःख आले आहे, तेव्हा कोठेतरी चूक असलीच पाहिजे. पुस्तकाच्या शेवटी, बेचाळिसाव्या अध्यायात, देवाचा राग भडकतो तो तक्रार करणाऱ्या ईयोबावर नव्हे, तर देवाची बाजू घेऊन बोलणाऱ्या या मित्रांवर. त्यांनी आपल्याविषयी यथार्थ असे भाषण केले नाही, असे देव स्वतः सांगतो. योहानाच्या नवव्या अध्यायात जन्मांधाला पाहून शिष्यांनी विचारले की पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे. प्रभूने दोन्ही पर्याय नाकारले. देवाच्या वतीने बोलताना त्याचा स्वभावच चुकीचा सांगितला जाऊ शकतो, आणि तो दोष देव किरकोळ मानीत नाही.

आता मुकादमाकडे वळू. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायातला तालंतांचा दृष्टांत आपण मुलांना अनेकदा शिकवला असेल. परदेशी जाणारा धनी तीन दासांकडे पाच, दोन आणि एक तालंत असे धन सोपवून जातो; पहिले दोघे ते दुप्पट करतात, तिसरा पुरून ठेवतो. आपण तो बहुधा मेहनत आणि आळस यांची गोष्ट म्हणून शिकवतो. पण तिसऱ्या दासाने जमीन खणून धन का पुरले, याचे कारण तो स्वतः देतो: आपण कठोर आहात, जेथे पेरले नाही तेथे कापणी करता, हे मला ठाऊक होते, म्हणून मी भ्यालो. म्हणजे त्याच्या हातून काही झाले नाही ते मुळात धन्याविषयीच्या त्याच्या समजुतीमुळे. आळशी हा शब्द धनी त्याला नंतर लावतो. आणि ही समजूत किती चुकीची होती ते गोष्टीतच दिसते. एक तालंत म्हणजे सुमारे सहा हजार दिनार, आणि दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. जो धनी मजुराच्या जवळजवळ वीस वर्षांच्या कमाईएवढी रक्कम, पावती न मागता, सर्वांत कमी योग्यतेच्या दासाच्या हाती ठेवून परदेशी जातो, त्याला कंजूष आणि कठोर कसे म्हणावे? पाच तालंतवाल्याला आणि दोन तालंतवाल्याला धन्याने दिलेली शाबासकी शब्दाशब्दांत सारखीच आहे. एकविसावे आणि तेविसावे वचन एकाखाली एक ठेवून वाचावे. ज्याने दोन मिळवले त्याला तीन कमी मिळवल्याबद्दल एक शब्दही ऐकावा लागलेला नाही.

देव आपला स्वभाव स्वतःच्या तोंडून जेथे सर्वांत विस्ताराने सांगतो ते निर्गम ३४:६-७ हे स्थळ मी आपल्याला आवर्जून सुचवीन. ते वाक्य केव्हा उच्चारले गेले याकडे सहसा लक्ष दिले जात नाही. लोकांनी सोन्याचे वासरू करून त्याची पूजा केल्याचे प्रकरण नुकतेच घडले आहे, मोशेने दगडी पाट्या फोडल्या आहेत, करार मोडल्यातच जमा आहे, आणि मोशे म्हणतो की मला तुझे तेज पाहू दे. तेव्हा देव त्याला आपले नाव सांगतो: दयाळू, कृपाळू, मंदक्रोध, दया आणि सत्य यांनी परिपूर्ण. लोक नीट वागत होते त्या दिवसांत नव्हे, तर त्यांनी सर्वांत वाईट वर्तन केल्यानंतर देवाने हे सांगितले. त्याच ग्रंथाच्या विसाव्या अध्यायातही हाच क्रम आहे. पहिल्या आज्ञेच्या आधी, मी तुला मिसर देशातून, दास्यगृहातून बाहेर आणले, असे वाक्य आहे. सुटका आधी, आज्ञा मागाहून. मुकादमाच्या मनात हा क्रम नेमका उलटा असतो.

उत्तर : वचनाचा विद्यार्थी, ग्वाल्हेर

वरील उत्तर विद्वत्तापूर्ण आहे, पण मला त्यात अर्धेच चित्र दिसते, आणि आजच्या मंडळीला दुसऱ्या अर्ध्याची गरज अधिक आहे असे माझे मत आहे. परमेश्वराचे भय हा ज्ञानाचा आरंभ आहे, हे नीतिसूत्रांचे वाक्य कृपेच्या काळातही रद्द झालेले नाही. नादाब आणि अबीहू या याजकांनी आज्ञा नसताना परका अग्नी अर्पण केला, तेव्हा ते देवाकडून आलेल्या अग्नीत भस्म झाले, हे लेवीयच्या दहाव्या अध्यायात आहे. मलाखी संदेष्ट्याच्या काळातले याजक आंधळी आणि लंगडी जनावरे वेदीवर आणत होते. देवाने त्यांना विचारले की हेच जनावर तू आपल्या सुभेदाराला नजर करून पाहा, तो प्रसन्न होईल का. त्यापेक्षा कोणीतरी मंदिराची दारेच बंद करावीत, असेही तो पुढे म्हणतो. दावीद राजाला होमबलीसाठी खळे आणि बैल फुकट मिळत असताना त्याने ते नाकारले, कारण ज्याला काही मोल पडले नाही असा होमबली तो परमेश्वराला देणार नव्हता.

हे सर्व या ताईंना उद्देशून नाही, हे स्पष्ट करतो. घरी आजारी आई असणारी व्यक्ती आणि लग्नसराई, पाहुणे, क्रिकेटचा सामना अशी कारणे सांगून वर्ग बुडवणारा शिक्षक यांना मी एका मापाने मोजणार नाही. परंतु देव समजून घेतो, हे वाक्य मी ग्वाल्हेरच्या आमच्या मंडळीत इतक्या वेळा आणि इतक्या हलक्या कारणांसाठी ऐकले आहे की, त्याच्या स्वभावाचा उपयोग आपण सवलतपत्रासारखा करतो की काय, अशी शंका येते. पवित्र देवापुढे थरथर वाटणे ही काही मनाची विकृती नव्हे. यशया संदेष्ट्याला मंदिरात देवाचे दर्शन झाले तेव्हा त्याच्या तोंडून पहिला उद्गार निघाला तो आपण नष्ट झालो असाच होता.

सुदामानगर, इंदूर (प्रश्नकर्ती)

दोघांचेही आभार. ग्वाल्हेरच्या दादांचे बोलणे मला टोचले नाही. उलट, कोणीतरी भयाची बाजू घेऊन लिहावे असे मला वाटतच होते.

रतलामकर काका, आपण सांगितलेले निर्गमातले स्थळ काल दुपारी आई झोपल्यावर उघडले. सहावे वचन वाचून बरे वाटले, पण सातवे वाचल्यावर पुन्हा थांबले. वडिलांच्या अन्यायाबद्दल मुलांचा आणि नातवंडांचा तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत समाचार घेतो, असे तेथे आहे. आपण ते अर्धे वाक्य सोडून दिलेत का? त्या भगिनींनीही नंतर फोनवर याच वचनाचा आधार घेऊन आमच्या वडिलांविषयी काही सुचवले होते.

उत्तर : जुना रतलामकर

सोडायला नको होते, हे मान्य. प्रश्न योग्य आहे. या वाक्यातले आकडे एकमेकांशेजारी ठेवावेत. शिक्षा तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत, म्हणजे त्या काळी एका छपराखाली नांदणाऱ्या कुटुंबापर्यंत, आणि दया हजारोंवर. न्याय नाकारलेला नाही, पण दोन्ही पारडी सारखी आहेत असेही दाखवलेले नाही. घरातल्या कर्त्याच्या पापाची झळ मुलांना लागते हे आपण डोळ्यांनी पाहतो; दारूने उद्ध्वस्त झालेले घर पाहिले म्हणजे त्याला वेगळा पुरावा लागत नाही. परंतु झळ लागणे निराळे आणि दोषी ठरणे निराळे. बाबेलच्या बंदिवासातल्या लोकांनी याच विचाराचे निमित्त करून, बापांनी आंबट द्राक्षे खाल्ली आणि मुलांचे दात आंबले, अशी म्हण रूढ केली होती. यहेज्केलाच्या अठराव्या अध्यायात देव ही म्हण इस्राएलात पुन्हा उच्चारू नका असे सांगतो, आणि मुलाने बापाच्या पापाचा भार वाहायचा नाही, असा निर्णय देतो. आपल्या वडिलांविषयी फोनवर कोणी काही सुचवले असेल, तर हा अध्याय त्यांना वाचायला सांगावा. वाद घालण्याची गरज नाही.

ग्वाल्हेरच्या मित्रांशी माझा मतभेद फारसा नाही. मलाखीचे उदाहरण चपखल आहे. मात्र यशयाचा सहावा अध्याय त्यांनी निम्म्यावर सोडला. आपण नष्ट झालो, या उद्गारानंतर सेराफ, म्हणजे देवाच्या सिंहासनापाशी असणारा दूत, वेदीवरचा निखारा घेऊन येतो, ओठांना लावतो, पाप दूर झाल्याचे सांगतो, आणि त्यानंतरच, मी कोणाला पाठवू, हा प्रश्न यशयाच्या कानी पडतो. भयाने यशया जमिनीला खिळला असता. मी आहे, मला पाठव, हे तो म्हणाला ते क्षमा मिळाल्यावर. तेव्हा धाक गेला तर सेवा राहील का, या ताईंच्या प्रश्नाला मी असे उत्तर देईन की, धाकाच्या जागी काहीच न येता तो नुसता निघून गेला, तर सेवा राहणार नाही, आणि कदाचित काही काळ ती थांबलेलीच बरी. क्षमा मिळालेल्या माणसाला वाटणारे भय राहते, पण त्याची जात वेगळी असते. शिक्षेच्या भीतीने माणूस दूर पळतो, आणि हे भय असलेला माणूस जवळ येऊन जपून वागतो.

आणखी एक सावधगिरी सुचवतो. देवाचा स्वभाव ठाऊक असणे म्हणजे तो आवडणे असे नव्हे. योना ४:२ पाहावे. देवाने निनवे या शत्रूंच्या नगराला इशारा द्यायला पाठवले, तेव्हा योना संदेष्टा उलट दिशेला पळाला होता. निर्गमातले तेच शब्द, दयाळू, कृपाळू, मंदक्रोध, योनाला तोंडपाठ आहेत, आणि तो ते तक्रार म्हणून देवाला ऐकवतो: तू असा आहेस हे ठाऊक होते म्हणूनच मी पळालो. निनवेच्या एक लाख वीस हजारांहून अधिक माणसांवर दया व्हावी हे त्याला सहन होत नाही. गुण पाठ करून घेणाऱ्या आम्हा शिक्षकांना हे पुस्तक विशेष अडचणीचे आहे.

उत्तर : एक खजिनदार, बडोदा

मी धर्मज्ञानाचा अभ्यासक नाही. मंडळीचे हिशेब पाहतो. या चर्चेत विश्वासूपणा हा शब्द आला म्हणून लिहितो, कारण तो शब्द आमच्या कामात रोज कसाला लागतो. उपासना संपल्यावर दानाची थैली दोघांसमोर उघडायची, नोटा मूल्यांप्रमाणे वेगळ्या करायच्या, चिल्लर मोजायची, रक्कम आकड्यात आणि अक्षरात लिहायची, दोघांनी सही करायची आणि सोमवारी ती बँकेत भरायची. यात भावनेला वाव नाही. कोणी म्हणेल की हे कसले आध्यात्मिक काम. पण यरुशलेमच्या गरिबांसाठी गोळा केलेले दान पोहोचवताना पौलाने स्वतःबरोबर मंडळ्यांनी निवडलेली माणसे घेतली, ती कोणी दोष लावू नये म्हणून, आणि प्रभूच्याच नव्हे तर माणसांच्याही दृष्टीने जे योग्य ते करावे म्हणून. करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात हे आहे. देव सत्य आहे असे म्हणायचे आणि त्याच्या पैशाचा हिशेब एकट्याच्या खिशात ठेवायचा, हे जुळत नाही. देवाचा स्वभाव खोटे न बोलण्याचा असेल, तर त्याच्या सेवकाच्या वहीत खाडाखोड नसावी, इतकेच मला समजते.

आता ताईंच्या आईविषयी. मार्काच्या सातव्या अध्यायात प्रभू परूश्यांवर, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या यहूदी पंथाच्या लोकांवर, कशावरून रागावला ते पाहावे. आईबापांच्या पालनासाठी लागणारी वस्तू देवाला अर्पण केली आहे असे जाहीर करायचे आणि त्या निमित्ताने आईबापांकडे पाठ फिरवायची, ही पळवाट त्या काळी धर्माच्या नावाने चालत होती. प्रभूने तिला देवाचे वचन रद्द करणे असे म्हटले. म्हणजे, देवाची सेवा करायची आहे, आईकडे पाहायला वेळ नाही, हे वाक्य प्रभूच्या कानाला भक्तीचे लागले नाही. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात तर पौल स्पष्टच लिहितो की, मुलानातवंडांनी आधी स्वतःच्या घरात धर्माचरण शिकावे आणि वडीलधाऱ्यांचे उपकार फेडावेत, कारण हे देवाला मान्य आहे. तेव्हा ताईंनी सेवा सोडली, हे विधानच मला पटत नाही. त्यांची नेमणूक बदलली आहे.

उत्तर : पलासिया, इंदूर

हा प्रश्न इंदूरहून आला असल्यामुळे एका घटनेची आठवण करून द्यावीशी वाटते. आपल्या शहरातल्या अनेक प्रॉटेस्टंट कुटुंबांना ती फारशी माहीत नसते.

सिस्टर राणी मारिया या केरळच्या कॅथलिक भगिनी देवास जिल्ह्यातल्या उदयनगर भागात भूमिहीन आणि कर्जाने पिचलेल्या लोकांमध्ये काम करीत होत्या. सावकारीच्या विळख्यातून ही कुटुंबे सुटू लागली तसे काहींचे हितसंबंध दुखावले. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी त्या बसने इंदूरकडे येत असताना, सहप्रवाशांच्या देखत, त्यांना भोसकून ठार मारण्यात आले. त्या एक्केचाळीस वर्षांच्या होत्या. मारेकऱ्याला जन्मठेप झाली. पुढे त्यांची धाकटी बहीण, जी स्वतः धर्मभगिनी आहे, तुरुंगात गेली आणि २००२ साली तिने त्या माणसाला राखी बांधली. कुटुंबानेच त्याच्या सुटकेसाठी विनंती केली आणि २००६ साली तो सुटला. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूरमध्येच सिस्टर राणी मारिया यांना धन्य घोषित करण्याचा, म्हणजे कॅथलिक मंडळीत संतपदाच्या आधीच्या पायरीचा, विधी झाला.

ही घटना मी केवळ भारावून जाण्यासाठी सांगत नाही. वर न्याय मोठा की दया मोठी, अशी जी ओढाताण चालली आहे तिच्याशी हिचा संबंध आहे. त्या बहिणीने काही झालेच नाही असे म्हटले नाही. खटला चालला, शिक्षा झाली, खुनाला खून म्हटले गेले. क्षमा त्यानंतर आली, आणि ती त्या बहिणीला व आईला फार महागात पडली असणार. क्रूसावर देवाचा न्याय आणि त्याची प्रीती एकाच ठिकाणी भेटतात, असे आपण उपदेशांत ऐकतो. तुरुंगातल्या त्या राखीकडे पाहिल्यावर त्या वाक्याचा अर्थ मला अधिक कळला. देवाचा स्वभाव कसा आहे हे समजून घ्यायचे असेल, तर ज्यांनी त्याच्यासारखे वागण्याची किंमत मोजली त्यांच्याकडे पाहणे हाही एक मार्ग आहे. फिलिप्प या शिष्याने पिता दाखवा म्हणून विनंती केली तेव्हा प्रभूने त्याला व्याख्या दिली नाही; ज्याने मला पाहिले त्याने पित्याला पाहिले, असे म्हटले. आणि त्याच रात्री, काही वेळापूर्वी, त्याने शिष्यांचे पाय धुतले होते. त्यात त्याला धरून देणाऱ्या यहूदाचेही पाय होते. हातात हजेरीपट असलेला मुकादम मजुरांचे पाय धूत नाही.

सुदामानगर, इंदूर (प्रश्नकर्ती)

यहूदाचे पाय धुतले गेले, हे मी वर्गात अनेकदा सांगितले आहे. त्याचा संबंध माझ्या मनातल्या या चित्राशी आहे असे मात्र कधी वाटले नव्हते. पलासियाच्या वाचकांचे विशेष आभार.

एक प्रश्न उरतो. देवाला नीट न ओळखता, धाकाने म्हणा किंवा सवयीने म्हणा, जी सेवा झाली तिचे काय? त्या वर्गातली मुले आता मोठी झाली आहेत. माझ्याकडून त्यांनाही मुकादमच मिळाला का?

उत्तर : जुना रतलामकर

याला पंडिता रमाबाईंच्या आयुष्यातून उत्तर देता येईल असे वाटते. रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये झाला. १८८९ साली त्यांनी मुंबईत शारदा सदन सुरू केले आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला हलवले. मात्र आपल्या साक्षीत त्या लिहितात की, बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांच्या लक्षात आले की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला आहे, पण त्या धर्माचे जीवन असलेला ख्रिस्त मिळालेला नाही. हिशेब करून पाहावा: शारदा सदन या जाणिवेच्या आधीचे आहे. ज्या विधवांना तेथे आसरा आणि शिक्षण मिळाले, त्यांना मिळालेला आसरा खरा होता, आणि रमाबाईंनीही ते काम खोटे ठरवून मोडीत काढले नाही. पण नंतरचे काम पाहिले तर ओळखीचा परिणाम दिसतो. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या, उपासमारीने हाडांचे सापळे झालेल्या सुमारे तीनशे मुली आणि स्त्रिया त्यांनी आणल्या, आणि केडगावला मुक्ती मिशन उभे राहिले. इतक्या जणींना खायला काय घालणार, याचा हिशेब आधी मांडून त्या निघाल्या नव्हत्या. धन्याला कठोर मानणारा माणूस असे धाडस करीत नाही; तो आहे ते पुरून ठेवतो.

तेव्हा आधीची सेवा वाया गेली असे मी मानत नाही. मुलांना आपल्याकडून वचन मिळाले, आणि वचन शिकवणाऱ्याच्या समजुतीपुरते मर्यादित राहत नाही. मोठी झालेली मुले भेटली आणि मन झाले, तर त्यांच्याशी या विषयावर मोकळेपणाने बोलावे. पंचविशीतल्या माणसाला हा दृष्टांत दहाव्या वर्षापेक्षा बराच वेगळा कळतो.

उत्तर : वचनाचा विद्यार्थी, ग्वाल्हेर

यशयाचा अध्याय मी निम्म्यावर सोडला, हे रतलामकरांचे म्हणणे बरोबर आहे. माझा मूळ मुद्दा मात्र मी मागे घेत नाही. सवलतपत्राचा धोका खरा आहे.

ताईंसाठी एकच स्थळ जोडतो. १ राजे १९ मध्ये एलीया झुडपाखाली आडवा होऊन मरण मागतो. कर्मेल डोंगरावर बआल या दैवताच्या संदेष्ट्यांना एकट्याने हरवलेल्या संदेष्ट्याने असे बोलावे, हे खरे तर कानउघाडणीचे कारण होते. देवदूत त्याला उठवतो तो जेवणासाठी: निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचा कुंजा. तो खातो आणि पुन्हा झोपतो. देवदूत दुसऱ्यांदा येतो आणि, मजल लांबची आहे, असे सांगून पुन्हा खायला घालतो. येथे काय करतोस, हा प्रश्न त्यानंतर पुष्कळ दिवसांनी, होरेब डोंगरावर विचारला जातो. आणि तेथेही देव त्याला कामावरून काढत नाही, तर अलीशा हा सोबती देतो आणि बआलापुढे न वाकलेली सात हजार माणसे आहेत हे कळवतो. एकट्यानेच सर्व वाहत आहोत, ही एलीयाची समजूत आकड्यानिशी चुकीची होती.

म्हणून माझी व्यावहारिक सूचना अशी आहे की, ताईंनी पाळकांना आणि वडीलवर्गाला एक छोटे पत्र लिहावे. आईच्या आजारपणामुळे वर्ग आणि रुग्णालयातल्या भेटी सध्या होणार नाहीत, हे त्यात स्पष्ट असावे, म्हणजे मंडळीत तर्कवितर्क चालणार नाहीत आणि वर्गाला दुसरा शिक्षक नेमता येईल. त्याच पत्रात, महिला मंडळाने आठवड्यातून एक दुपार आपल्या घरी येऊन आईजवळ बसावे, अशी विनंतीही करावी. आजाऱ्यांच्या भेटीचे काम मंडळ आधीपासून करीतच आहे, एम. वाय. रुग्णालयाच्या वाटेत सुदामानगर लागत नसले, तरी फार वळसाही पडणार नाही. ज्या दुपारी कोणी येऊन बसेल, त्या दुपारी ताईंनी सभेचे काम काढू नये. झोपावे.

सुदामानगर, इंदूर (प्रश्नकर्ती)

पत्र लिहून पाळकांकडे दिले आहे. गुरुवारची दुपार ठरली आहे. पहिल्या गुरुवारी बसायला कोण येणार हे विचारले, तेव्हा त्याच ज्येष्ठ भगिनींचे नाव सांगण्यात आले. येऊ द्या म्हटले. यहेज्केलाचा अठरावा अध्याय त्यांच्यापुढे लगेच काढावा की नाही, हे मात्र अजून ठरलेले नाही. रतलामकर काकांचे मत वाचायला आवडेल.

उत्तर : जुना रतलामकर

पहिल्या गुरुवारी नको. आईला कुशीवर कसे वळवायचे आणि घास भरवताना उशा कशा लावायच्या, तेवढे त्यांना नीट दाखवून द्या.